पैसे निघतात, पण आधी घालायचे कुठून?

साठ वॅटचा पिवळा बल्ब गेल्या दहा वर्षांत खेड्यापाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. त्यासाठी कुणी गावोगाव व्याख्याने दिली नाहीत. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये पडत होते. लाखोंच्या एकत्रित निविदा निघाल्या आणि दोन-अडीच वर्षांत तोच भाव ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या आणि पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. हिशेब कुणालाही तोंडी करता येईल असा होता. साठऐवजी नऊ वॅट, रोज पाच तास. महिन्याला साडेसात युनिट वाचली, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास रुपये. बल्बचे पैसे दोन महिन्यांत निघाले.

त्या योजनेत एक बारकी सोय होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. बल्ब घेताना दहा रुपये द्यायचे आणि उरलेली रक्कम दरमहा दहा-दहा रुपयांनी वीजबिलातून फेडायची. बल्बमुळे बिल कमी व्हायचे आणि त्या कमी झालेल्या पैशांतूनच बल्बचा हप्ता जायचा. घरच्या खर्चाला त्याचा धक्का लागत नव्हता.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, बेल्हे, मंगरूळ, पारगाव यांच्या शेजारात निमगाव सावा आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला, कांदा वाढला आणि त्यांच्या जोडीने दारात संकरित गाई आल्या. इथल्या घरांत शेण आहे, वर्षातले आठ महिने लख्ख ऊन आहे आणि ठरावीक दिवसांनी येणारे दुधाचे पैसेही आहेत. स्वतःची किंमत स्वतः फेडणाऱ्या वस्तूंना याहून चांगली जागा कोणती? तरीही गोबरगॅस, छतावरची सौरऊर्जा, कमी विजेचे पंखे दारोदार का दिसत नाहीत, असे विचारले की ‘लोकांना कळत नाही’ असे उत्तर येते. ते चुकीचे आहे. कांदा आज विकायचा की बराकीत टाकून दिवाळीपर्यंत थांबायचे, याचा ठोकताळा ज्या घरात रोज मांडला जातो, तिथे पंख्याचा हिशेब कळत नाही असे कसे म्हणणार? त्या घरात नसते ती एकरकमी रक्कम. ती पुरवणारी व्यवस्थाही गावातच आहे, पण ती खतासाठी, पशुखाद्यासाठी, ट्रॅक्टरसाठी हलते. घरातल्या वस्तूसाठी हलत नाही. ती तशी हलली पाहिजे, एवढेच इथे म्हणायचे आहे.

मात्र त्याआधी कोणत्या वस्तूचे पैसे खरोखर निघतात, हे नीट तपासायला हवे. ‘वर्षात पैसे वसूल’ असे सांगून खपवलेल्या बऱ्याच वस्तू चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ठरतात. कसोटी सरळ आहे. घरातून आज, रोज किंवा दरमहा रोख पैसा जातो आहे का, आणि ही वस्तू नेमका तोच खर्च अडवते का? अडवत असेल तर पैसे निघतात. नसेल तर वस्तू सोयीची असेल, हौसेची असेल, पण ती स्वतःची किंमत फेडणार नाही.

घरघंटीचे उदाहरण घेऊ. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांच्या योजनांमुळे शिलाई मशीनच्या बरोबरीने ती गावागावांत पोचली. पाच माणसांच्या घराला महिन्याला चाळीस-पंचेचाळीस किलो दळण लागते. किलोला सहा रुपये दळणावळ धरली, तर खर्च २७० रुपयांच्या आत. त्यातून घरच्या विजेचे तीस-चाळीस रुपये वजा केले की हाती राहतात सव्वादोनशे-अडीचशे. अठरा हजारांची घरघंटी या हिशेबाने सुटायला सहा वर्षे लागतात, तीही मध्ये दुरुस्ती निघाली नाही तर. तीच घरघंटी शेजारच्या चार घरांचे दळण घेऊ लागली, की दोन वर्षांच्या आत मोकळी होते. यंत्र तेच असते. एका घरात ते शोभेचे राहते, दुसऱ्या घरात कमावते, कारण एकीकडे ते आठवड्यातून तासभर चालते आणि दुसरीकडे रोज.

कडबाकुट्टीचे याच्या नेमके उलट आहे. अख्खी वैरण टाकली की जनावर पाला खाते आणि धांडे तुडवते. कुट्टी केली की वाया जाणारा चारा बराच वाचतो; तो पाव हिस्स्यापर्यंत वाचतो असे पशुसंवर्धनातली मंडळी सांगतात. पाच गाईंच्या गोठ्यात रोज शंभर-सव्वाशे किलो हिरवा चारा पडतो. पावऐवजी त्यातला दहावा हिस्साच वाचला, तरी रोजचे दहा-बारा किलो झाले. किलोला चार रुपये धरले तर महिन्याला हजार-दीड हजार रुपयांची वैरण वाचली. पंचवीस हजारांची कडबाकुट्टी दोन वर्षांत फिटते, चारा विकत घेणाऱ्या घरात त्याहून लवकर. हे यंत्र गोठ्यांत रुळले त्यामागे हा हिशेब आहे, आणि त्याला शेतीचे अवजार मानून अनुदान आणि कर्ज मिळत आले, हेही आहे. त्याच गोठ्याला लागून असलेल्या स्वयंपाकघरातली वस्तू मात्र कुणाच्या यादीत बसत नाही.

पंख्याचे गणित जरा वेगळे आहे, कारण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटला जो दर लागतो, त्याच्या जवळपास दुप्पट दर पुढच्या युनिटला लागतो. जुना पंखा पंच्याहत्तर वॅट ओढतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा तीस-पस्तीस. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला पंधरा-सोळा युनिट वाचतात. ज्या घराचे मीटर महिन्याला १३० युनिट दाखवते, त्याने दोन पंखे बदलले की ते १०० च्या आत येते, आणि वाचलेले प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातले असते. पाच-साडेपाच हजारांचा हा खर्च दोन उन्हाळ्यांत भरून निघतो. ज्या घराचा वापरच साठ युनिट आहे, त्याला त्याच दोन पंख्यांचे पैसे काढायला दुप्पट काळ लागतो. म्हणजे ज्याच्याकडे मुळात कमी, त्याला वस्तूचा फायदाही कमी. हे पंखे बनवणारा एक मोठा कारखाना याच जिल्ह्यात चाकणला आहे, आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. तंत्र घराजवळ आहे, पण एलईडीसारखी कोट्यवधींची एकत्रित खरेदी पंख्यांच्या बाबतीत तितक्या जोमाने झाली नाही. ती झाली असती, तर साठ युनिटवाल्या घराचाही हिशेब जमला असता.

या सगळ्यांत सर्वांत भरभक्कम आणि सर्वांत बदनाम झालेली वस्तू म्हणजे गोबरगॅस.

घरगुती गोबरगॅस संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अनेक वर्षे आघाडीवर राहिला आहे. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र आले, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत उद्दिष्टे पूर्ण करण्याच्या घाईत खेडोपाडी घुमट बांधले गेले. पुणे जिल्ह्याची त्यात स्वतंत्र पुण्याई आहे. देहूला वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी आयुष्यभर शौचालय आणि गोबरगॅस यांची सांगड घातली, त्यासाठी ‘मलप्रभा’ हा आराखडा तयार केला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्याच ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर आणि पिठूळ टाकाऊ पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र बनवले, त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ज्ञान कमी पडले, असे पुणे जिल्ह्यात तरी कुणाला म्हणता येणार नाही.

मग ते घुमट बंद का पडले? कारणे साधी आहेत. गवंड्याने प्लास्टर नीट केले नाही आणि गॅस झिरपू लागला. बैल गेले, ट्रॅक्टर आला, शेण कमी झाले. थंडीत जीवाणू मंदावले, डिसेंबर-जानेवारीत शेगडी फुरफुरू लागली. पाण्याचा तुटवडा असलेल्या गावात रोज शेणाइतकेच पाणी कालवायचे कुठून, हा प्रश्न पडला. शेवटी २०१६ मध्ये ‘उज्ज्वला’ आली आणि सिलिंडर दारात पोचला. अनुदान संयंत्र बांधण्यासाठी मिळाले होते, ते चालू ठेवण्यासाठी कुणाकडेच मिस्त्री नव्हता.

निमगाव सावाच्या पट्ट्यात यातली दोन कारणे आज उरलेली नाहीत. कालव्याचे पाणी आहे आणि बैलांच्या जागी संकरित गाई आहेत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते. तीन-चार मोठ्या गाई तेवढे सहज देतात. एक घनमीटर गोबरगॅसमध्ये साधारण ४०० ते ४५० ग्रॅम एलपीजीइतकी उष्णता असते. कागदावर हा गॅस महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरइतका भरतो. थंडी, गळती, सणवार आणि आळस धरून निम्माच हाती आला असे मानले, तरी महिन्याला एका सिलिंडरचा मोठा भाग वाचतो. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर एकदम ५० रुपयांनी वाढून साडेआठशेच्या पुढे गेला. तीन-चतुर्थांश सिलिंडर वाचला असे धरा: महिन्याला सहाशेच्या वर, वर्षाला साडेसात हजार. संयंत्र चाळीस हजारांना पडले आणि त्यातून २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातले केंद्राचे साहाय्य वजा झाले, तर उरलेली रक्कम तीन-साडेतीन वर्षांत सुटते. या हिशेबात संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी अजून धरलेलीच नाही. उसाला, मक्याला, परसातल्या भाजीला ती कुजलेल्या शेणखतापेक्षा लवकर लागू पडते, आणि खताच्या गोणीचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला तिची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ३०० रुपये अनुदान मिळणाऱ्या घरात हेच गणित ढिले पडते. तीन-चार गाई नसलेल्या घरात ते बसतच नाही. म्हणून ‘घर तिथे गोबरगॅस’ असली घोषणा पुन्हा नको. ज्या गोठ्यात गाई टिकून आहेत आणि ज्या चुलीवर पूर्ण किमतीचा सिलिंडर जळतो, तिथे ते संयंत्र हवे.

काही वस्तूंचे पैसे मात्र रोख हिशेबात दिसतच नाहीत. आंघोळीचे पाणी आजही अनेक वाड्यावस्त्यांवर बंबात तापते. जळण म्हणजे तुराट्या, उसाची खोडकी, वठलेली बाभूळ, सगळे फुकटचे. त्यामुळे सौर बंबाचे पैसे निघत नाहीत, असा निकाल घरचा कर्ता देऊन टाकतो. जळण गोळा करून, फोडून, पावसाळ्याआधी साठवून पहाटे तो बंब पेटवणारी बाई त्या हिशेबात नसते. तिचा रोजचा पाऊण तास कुणी खर्च म्हणून लिहीत नाही, म्हणून तो वाचला तरी कमाई म्हणून दिसत नाही. खुरपणीच्या मजुरीच्या भावाने तो मांडला, तर सौर बंबाचे उत्तर बदलते.

पंपाचे गणितही असेच फसवे आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली आहे, ती मार्च २०२९ पर्यंत जाहीर झाली आहे. फुकट विजेशी कोणता सौरपंप स्पर्धा करणार? ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला फक्त दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात, तरी रुपयांत बघितले तर ते परत येत नाहीत. पण जुन्नर वनविभागात रात्री उसात भरणे करायला जायचे म्हणजे काय, हे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरच्या घरांना विचारावे. इथे बिबट्याचे घरच ऊस आहे. थ्री फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन माणूस निघतो आणि घर जागे राहते. दिवसा पाणी देता येणे, हाच त्या दहा टक्क्यांचा मोबदला आहे.

छतावरच्या सौर संचाचे गणित मात्र रुपयांतच बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिट देतो. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने सगळी घरे सौर विजेवर आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये जादा अनुदानही देऊ केले. अडते कुठे, तर अनुदान खात्यावर येते ते संच बसल्यावर. तोवर पुरवठादाराला द्यायचे पैसे घरातून काढावे लागतात, आणि ज्यांच्यासाठी जादा अनुदान आहे, त्यांच्याकडेच ते नसतात.

आता प्रश्न उरतो तो आधी घालायच्या पैशांचा. बायकांनी त्याचे उत्तर केव्हाच शोधून ठेवले आहे, ते म्हणजे भिशी. प्रेशर कुकर, स्टीलचे डबे, मिक्सर, शिलाई मशीन यांतले बरेच काही मराठी स्वयंपाकघरात भिशीच्या पैशांतून आले. आज ती जागा बचत गटांनी आणि दारात येणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी घेतली आहे. मोबाइल आणि दुचाकी दहा मिनिटांत हप्त्याने मिळते, कारण विकणाऱ्याला घाई असते. गोबरगॅसच्या मागे असा विक्रेता उभा नाही.

दूध संस्था उभी राहू शकते. दुधाच्या हिशेबातून पशुखाद्याचे पैसे, डॉक्टरची फी, गाईसाठी घेतलेली उचल कापून घेण्याची पद्धत या भागात मुरलेली आहे. सहकारी संस्था तसे करते, खासगी संकलन केंद्रही करते. गोबरगॅसची उरलेली सव्वीस हजारांची रक्कम याच वाटेने घेतली, तर दर दहा दिवसांना दोनशे-सव्वादोनशे रुपये कापावे लागतील. महिन्याला होतात सहाशे-साडेसहाशे, जवळपास तेवढेच सिलिंडरचे वाचलेले असतात. व्याजापोटी काही महिने वाढतील, इतकेच. कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला सोबत घेऊन सभासद महिलांच्या गोठ्यांशेजारी पिशवीच्या प्रकारची संयंत्रे बसवली, गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुऱ्यात मंडळाने स्लरी विकत घेण्याचीही घडी बसवली. जुन्नर-आंबेगावात दूध कमी नाही, संस्थाही कमी नाहीत.

यावर आक्षेप येतात आणि ते खरे आहेत. संयंत्र महिनाभरात बंद पडले, तर कपात चालूच राहील आणि संस्थेच्या नावाने शिमगा होईल. म्हणून वस्तू बसवणाऱ्याचे सगळे पैसे एकदम देऊ नयेत. निम्मे बसवल्यावर, उरलेले सहा महिने शेगडी पेटती राहिल्यावर. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. संयंत्राची तपासणी आणि गावातल्या दोन पोरांना दुरुस्तीचे शिक्षण ही कामे त्याच्याकडून करून घेता येतील. दुसरा आक्षेप असा की, घरखर्चाला कर्ज देणे हे संस्थेचे काम नाही. पण २०२३ च्या आदर्श उपविधींनी विकास सोसायट्यांना दुग्धव्यवसायापासून गॅस वितरणापर्यंत पंचवीसहून अधिक कामांची वाट मोकळी केली आहे. सिलिंडर विकायला जी सोसायटी चालते, ती सिलिंडर वाचवायला का चालू नये? आणि या कर्जाचा हप्ता पिकाच्या भावावर अवलंबून नाही. कांदा पडला तरी गाय शेण देते आणि सिलिंडर वाचतोच.

कपात कुणाच्या खात्यातून होते आणि निर्णय कोण घेते, हेही पाहावे लागेल. गोठ्यात पहाटे राबते बाई, संस्थेचा सभासद असतो पुरुष. कर्जाच्या अर्जावर दोघांची सही असावी आणि कोणती वस्तू घ्यायची यात तिचा शब्द धरला जावा. नाहीतर सौर बंबाच्या नावाने मंजूर झालेल्या पैशांतून मोठा टीव्ही येईल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. अहवाल वाचला जातो, लाभांशावर खडाजंगी होते, नाश्ता होतो. निमगाव सावाच्या पट्ट्यातल्या संस्थांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घ्यावा: पन्नास हजारांपर्यंतचे, तीन-चार वर्षांत दुधातून फिटणारे घरगुती ऊर्जा कर्ज, पहिल्या वर्षी फक्त दहा घरांना. निवड करताना गाई किती, सिलिंडर वर्षाला किती आणि वीजबिल कोणत्या टप्प्यातले, एवढेच पाहावे. वर्षभराने त्या दहा घरांची गॅसची पुस्तके आणि आधीची-नंतरची वीजबिले सभेत वाचून दाखवावीत, बंद पडलेल्या संयंत्रांसकट, आणि अकराव्या घराला कर्ज द्यायचे की नाही ते सभासदांनी हात वर करून ठरवावे.